लाकूड चाटणारे पुंजूनाना

पुंजूनाना लाकूड चाटायचे. अहो, खरंच, जिभेनं. खांब समोर आला की आधी त्याच्यावरून हात फिरवायचे, मग बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे, मग कुणी बघतंय ना याची खात्री करून घ्यायचे, आणि मग जीभ लावायचे. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे. "साग शे. पन पानी पियेल शे." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात भरलेली कळशी होती, ती मी सरळ स्वतःच्या पायावर सोडली.

मी मूळची फैजपूरची, केळीच्या पट्ट्यातली. नोकरी लागली धुळ्याच्या प्राथमिक शाळेत आणि खोली मिळाली जुन्या धुळ्यातल्या लाकडी गल्लीत. कागदोपत्री गल्लीचं नाव दुसरंच होतं, पण पत्त्यावर 'लाकडी गल्ली' लिहिलं तरी पोस्टमन पत्र बरोबर आणून द्यायचा. समोरासमोर मिळून सात घरं. प्रत्येकाच्या पुढे लाकडी ओसरी, वर लाकडी सज्जा, खांबांवर पोपट, वेली, कुठं एखादा हत्ती. आज तिथं बाहेरगावची मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून येतात आणि म्हणतात, "काय जपलंय हो लोकांनी!" जपलंय म्हणे! मला हसू आवरत नाही. नव्वद सालाच्या पुढेमागे ती गल्ली जपता जपता आम्ही जवळजवळ धुऊन टाकली होती, आणि ती वाचली ती पुंजूनानांच्या डोक्यातल्या एका चक्रम कल्पनेमुळे.

नाना जातिवंत मिस्तरी. वय सत्तरीच्या आसपास, वजन गव्हाच्या कट्ट्याइतकं, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. कुठल्यानं जवळचं दिसतं आणि कुठल्यानं लांबचं हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. स्वतःचं घर गल्लीच्या टोकाला, आणि त्याचं दार सुतळीनं बांधलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "लोकेसना दारेसमा मन्हं दार राही गयं."

लाकडाला ते नात्यानं बोलवायचे. तुळई म्हणजे 'आबा', खांब म्हणजे 'भाऊ', दाराची चौकट 'अक्का'. मी नवीन होते. एका सकाळी ओरडा ऐकला, "आबाले सावकाश उतारा रे, त्यानी कंबर गयेल शे!" मी बामची बाटली घेऊन धावत खाली आले. बघते तर चार माणसं एक तुळई उतरवतायत आणि नाना तिच्या पोटाला हात लावून "धीर धर, धीर धर" म्हणतायत. बाटली हातात घेऊन मी उभी. नानांनी ती माझ्याकडून घेतली, उघडली, हुंगली आणि स्वतःच्या गुडघ्याला चोळून परत दिली.

खिळ्याचा मात्र भयंकर राग. कुणी खिळा मारलेला दिसला की तो उपटून त्या माणसाच्या हातात ठेवायचे. "खिळा म्हंजे जबरदस्तीनं लगीन शे, मास्तरीनबाई. जोड म्हंजे पसंतीनं." मी म्हटलं, नाना, तुमचं लग्न कसं झालं? म्हणाले, "मन्हा बाप मिस्तरी व्हता ना, पन त्यानी तठे खिळाच ठोका!" आणि आतून नानींचा आवाज आला, "अन् तो खिळा आजूनबी निंघना नही!"

तर आता गल्लीचं सांगते. ही सातही घरं नानांच्या आज्यानं आणि बापानं उभी केलेली. पण खांब तळाशी कुजले होते, सज्जे लोंबायला लागले होते. गल्लीत शब्द चालायचा उत्तमभाऊंचा. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि ते माझे घरमालकही होते. त्यांच्या मेहुण्यानं पांझरा नदीपलीकडं देवपुरात स्लॅबचं घर बांधलं होतं, तेव्हापासून भाऊंना लाकूड डोळ्यांसमोर नको झालं होतं. तेवढ्यात कुठल्याशा योजनेत आमच्या गल्लीचं नाव लागलं आणि पुण्याहून एक आर्किटेक्ट आले, लांब झब्बा, काखेत नकाशे. सगळं जुनं लाकूड उतरवायचं, दुरुस्त करायचं आणि जसंच्या तसं पुन्हा उभं करायचं, असं ठरत होतं. मारुतीच्या पारावर बैठक बसली.

"सात घरं उघडी करशाल, अन् परत उभी नाही झाली तर?" उत्तमभाऊ म्हणाले. "माझं तर म्हणणं सरळ आहे. पाडा, स्लॅब टाका, मोकळे व्हा."

नाना उठले. "आखाजीले सातही ओसरीसमा झोका बांधसू. एकबी घर राहिनं, तर मन्हा बापना हत्यार पांझरामा टाकसू, अन् तुम्ही खुशाल टाका स्लॅब."

बाहेरच्यांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खान्देशात तो लेकींचा सण. सासरहून पोरी माहेरी येतात, ओसरीच्या तुळईला झोका टांगतात, आणि दिवसभर झोके घेत सासूच्या नावानं गाणी म्हणतात. तुळई कुजली तर झोका नाही, आणि झोका नसेल तर आखाजी कसली? म्हणजे नानांनी नेमकी नस पकडली होती. कुणीतरी म्हणालं, "नाना, पांझरेत पाणी कुठंय हत्यारं बुडायला?" नाना म्हणाले, "मंग रेतीमा पुरसू!" सगळे हसले. मी नाही हसले. बापाची हत्यारं पुरायची म्हणजे या माणसाकडं मग उरणार काय?

काम सुरू झालं दिवाळीनंतर. आधी रंग खरवडायचा. आमच्या गल्लीत घरात लग्न निघालं की खांबांना ऑइलपेंटचा एक हात द्यायचा रिवाज. त्यामुळं एकेका खांबावर सात-सात, आठ-आठ लग्नं चढलेली. नाना पत्र्यानं खरवडत जायचे आणि एकेक थर निघाला की मोठ्यानं पुकारायचे. "हाऊ पोपटी कोना?" "आमच्या मंगलचा!" "हाऊ गुलाबी?" मग दोन जावा भांडायला उठायच्या, गुलाबी माझ्या लग्नाचा, नाही माझ्या. बायका स्वयंपाक टाकून खांबापुढं बसायला लागल्या. एकदा एका घराच्या खांबावर निळा आणि हिरवा यांच्यामध्ये पातळसा पिवळा निघाला. हा कुणाचा? कुणालाच आठवेना. त्या घरातले म्हातारे तात्या मात्र उठून आत निघून गेले, कानापर्यंत लाल होऊन. रंग दिला होता, लग्न मोडलं होतं. नानांनी एका क्षणात ओळखलं. भराभर पत्रा चालवला आणि म्हणाले, "हाऊ रंग नही, धूळ शे. चला, पुढे!" लाकूड चाटणाऱ्या या माणसाला माणसंही कळत होती.

मग खांब, तुळया, कठडे उतरवून मारुतीच्या पटांगणात मांडले. कुजलेले तळ कापले, नवे जोडले. आता कुठला तुकडा कुठल्या घराचा हे लक्षात कसं राहणार? नानांच्या घराण्याची रीत अशी की खांबाच्या तळाशी पटाशीनं खूण कोरायची. पण जुन्या खुणा कुजक्या तळांबरोबरच गेलेल्या, आणि नव्या कोरायला आर्किटेक्टसाहेबांनी हात जोडून मनाई केली. "मूळ लाकडाला धक्का नको, नाना. खडूनं नंबर घालू, वहीत नोंद करू." नानांना पटलं नव्हतं. पण शिकलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, असा त्यांचा भाबडा नियम. खडू माझ्या शाळेचा, अक्षर माझं. मोठ्या झोकात मी 'क एक, क दोन' करत प्रत्येक तुकड्यावर नंबर घातले. वाटोळं झालं ते असं, आणि त्यात माझा हात होता हे मी कबूल करते.

धुळ्यात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तेही घाईत. आणि आखाजीला सतरा दिवस उरलेले असताना एका सकाळी नळाला पाणी आलं ते थांबेचना! दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. बायकांना अक्षरशः चढली. गोधड्या धुतल्या, पातेली धुतली, पोरं धुतली, दोन शेळ्या धुतल्या, कुणाची तरी सायकल धुतली. तरी पाणी चालूच! मग कुणाला तरी वाटलं, अगं, आखाजी आली, पोरी येतील, आणि पटांगणातलं लाकूड कसं धुळीनं माखलंय. झालं! काथ्या घेऊन, साबण लावून, गाणी म्हणत बायकांनी सातही घरांचं लाकूड घासून लख्ख केलं.

मी दुपारी शाळेतून आले तेव्हा माझं अक्षर पांढरं होऊन गटारातून वाहत होतं. बायका कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभ्या. तेवढ्यात नाना लाकूडबाजारातून परतले. एका खांबाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. दोन्ही चष्मे पालटून पाहिले. मग सवयीनं जीभ लावली.

"साबन!" एवढंच म्हणाले आणि मटकन खाली बसले.

उत्तमभाऊ म्हणाले, "झालं. आता स्लॅबच."

दुसऱ्या दिवशी नानांनी घरोघरच्या पुरुषांना बोलावलं. आपापला खांब ओळखा. पुरुष फिरले. उत्तमभाऊ पन्नास-पंचावन्न वर्षं ज्या खांबांखाली राहिले, त्यांतला एक दाखवा म्हटल्यावर मोठ्या ऐटीत त्यांनी एकावर हात ठेवला. तो मारुतीच्या मंडपाचा खांब होता, जमिनीत पक्का रोवलेला! मग सुनांना बोलावलं. त्या म्हणाल्या, "आम्ही कव्हय टेकलो खांबाले? आमची पाठ चुलीपुढेच गई."

नाना ताडकन उठले. "ज्या टेकन्यात त्यासले बलावा! आंडेरीसले बलावा!"

आंडेरी म्हणजे लेकी. नानांनी मला नऊ पोस्टकार्डं लिहायला बसवलं. मजकूर: 'लगेच निघून ये. वाट पाहतो. पुंजूनाना.' मी म्हटलं, नाना, कारण तरी लिहू द्या. तर म्हणाले, "जास्त लिखं की बाई वाचत बसस, निंघत नही."

नऊ झाली. मग नाना जरा घुटमळले. "एक शेवंताले बी लिखी टाक."

शेवंता उत्तमभाऊंची मुलगी. तिनं कॉलेजातल्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा हुशार, सालस, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. त्याला सहा वर्षं झाली होती आणि उत्तमभाऊंनी सहा वर्षं तिचं नाव घरात घेऊ दिलं नव्हतं. मला त्या माणसाचा राग यायचा, अगदी मनापासून यायचा, पण खोली त्यांची होती. मी म्हटलं, "नाना, भाऊंना कळलं तर मला खोलीतून काढतील."

"मंग मन्हा घरमा राही जाय. दार उघडंच शे," नाना म्हणाले. मी तिचा पिंपळनेरचा पत्ता शोधून कार्ड टाकलं.

आता सांगा, अचानक कार्ड आलं, 'लगेच निघून ये', आणि खाली सही बापाची नाही, शेजारच्या मिस्तरीची. लेकीनं काय समजायचं? नरडाण्याची गोदाअक्का एस.टी.तून उतरली ती पाचकंदील चौकापासून गळा काढतच आली, "ओ मन्हा बाप वं!" तिचा बाप दारात बसून बशीतनं चहा पीत होता. त्याच्या हातातली बशी पडली. दिवसभरात अशा तीन जणी आल्या, चौथी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला, दिराला आणि पांढऱ्या कापडाच्या गाठोड्याला घेऊन आली. नाना प्रत्येकीला गल्लीच्या तोंडाशी गाठायचे. "रडानं नंतर. पहिले तुन्हा खांब देख!"

आणि काय सांगू, त्यांनी ओळखले! गोदाअक्का डोळे मिटून एकेका खांबाला पाठ लावत गेली. "हाऊ नही. हाऊबी नही. हाऊच!" कमरेच्या उंचीवर लाकडाची एक गाठ होती, लहानपणापासून टोचणारी. एकीनं शेळी बांधून पडलेली खाच ओळखली. एकीनं भेगेत करंगळी घालून सांगितलं की इथं मी चिंचोके लपवायचे. नानांनी तारेनं उकरलं तर खरंच एक चिंचोका निघाला. नानांनी तो चाटला आणि जाहीर केलं, "चिंचच शे!"

भांडण एकाच कठड्यावरून झालं. गोदाअक्का म्हणे, यावर माझे दात उमटलेत. शेजारच्या घरची सुमनअक्का म्हणे, माझे. नाना म्हणाले, चावून दाखवा. दोघी नातवंडांच्या आज्या पटांगणात वाकून लाकूड चावायला तयार! सुमनअक्काचे तर पुढचे दात पडलेले. नानांनी निकाल दिला, "एक वरीस इकडे, एक वरीस तिकडे. बिनखिळानं काम शे, काढता येस." सगळी गल्ली हसून हसून लोळली. आर्किटेक्टसाहेब वहीत हे कुठं लिहायचं ते शोधत बसले.

सहा घरांचं लाकूड लागलं. उरलं ते आपोआप उत्तमभाऊंचं. मग जी धावपळ झाली ती विचारू नका. साहेबांनी झब्बा खोचून तुळया वाहिल्या, माझ्या शाळेतल्या मास्तरांनी, पोस्टमननं, लेकींना सोडायला आलेल्या जावयांनी हात लावला. नाना वानरासारखे वरच्या वर. "भाऊ, सरक. आबा, बस खाली. हां!" त्या वर्षी मी फैजपूरला माहेरी गेले नाही. आईनं महिनाभर अबोला धरला, पण माझा पाय निघेना.

आखाजीच्या दुपारी सहा ओसऱ्यांत सहा झोके हलत होते. सातव्या ओसरीत उत्तमभाऊंनी नुसता दोर टाकला होता. पाट नाही, काही नाही.

"बांधला ना झोका? जिंकलात नाना. आता काढतो," भाऊ म्हणाले.

"वजन पडनं नही, तव्हलोंग काम पुरं नही," नाना म्हणाले. "घरनी आंडेर बसाले जोयजे."

"ह्या घरात आंडेर नाही."

गाणी थांबली. आता भाऊंनी दोर ओढला की काम अपुरं राहणार, आणि नाना आपल्याच जबानीनं हत्यारं पुरायला जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मी नानांवर चिडले. कशाला हा हट्ट? नुसता दोर चालला असता ना!

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक बाई दिसली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चार वर्षांची मुलगी, मागे नवरा. नवऱ्याची पिंपळनेरहून जळगावला बदली झाली होती, म्हणून कार्ड फिरत फिरत उशिरा पोचलं होतं. शेवंताचे डोळे रडून सुजलेले. ती धावत आली आणि ओसरीत बाप धडधाकट उभा पाहून जागच्या जागी थबकली.

"तुम्ही... बरे आहात?"

उत्तमभाऊंना काही समजेना. मग नानांकडे पाहिलं आणि समजलं. "मी मेलो असं वाटलं तुला?"

"हो."

"तरी आलीस?"

"आले ना भाऊ," ती म्हणाली. ती बापाला भाऊच म्हणायची.

भाऊ वळले आणि आत गेले. मला वाटलं, आता दार लावतात. माझ्या मनात नाही नाही त्या शिव्या आल्या, शिक्षिका असून. पण ते बाहेर आले ते झोक्याचा पाट छातीशी धरून. सहा वर्षं माळ्यावर पडलेला, धुळीनं भरलेला. आपल्या धोतराच्या सोग्यानं त्यांनी तो पुसला, इतका वेळ पुसला की पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोरात बसवला. मग नातीकडे न बघता, जावयाकडे न बघता, नानांना विचारलं, "तुळई धरी का?"

"तुळईनं मी देखसू. तू दोर धर."

शेवंता बसली. भाऊंनी झोका दिला. मला मेलीला रडू आवरेना, आणि मी एकटी नव्हते. स्लॅबचं नाव त्यानंतर त्या गल्लीत कुणी काढलं नाही.

जूनमध्ये माझी बदली यावल तालुक्यात झाली. सामान न्यायला आले तेव्हा नाना कुठंतरी साक्रीकडे दुसऱ्याचं दार बसवायला गेले होते, आणि पुढच्या हिवाळ्यात ते वारल्याचं कळलं. म्हणून मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच दुपारी. शेवंताचा झोका चढला तसे नाना ओसरीत झोक्याच्या बरोबर खाली उताणे पडले, दोन्ही चष्मे लावून, नजर वरच्या जोडावर. तिचे पाय त्यांच्या नाकावरून जात होते. झोका गेला की ओरडत, "नही हालनं!" झोका आला की ओरडत, "नही हालनं!" थोड्या वेळानं ओव्हरसियर जावई बूट काढून त्यांच्या शेजारी आडवा झाला आणि वर बघून म्हणाला, "नाना, खिळा कुठंय हो?"

"नही! एकबी नही!" नाना आनंदानं पाय झाडत ओरडले, आणि वरून शेवंता हसत सुटली.